स्पर्श मान्य करणारा खेळाडू

(कबड्डी स्पर्धांचे आयोजन करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिवजयंती, हनुमान जयंती, ग्रामदैवताची जत्रा अशा निमित्तांनी महाराष्ट्रात गावोगावी कबड्डीच्या स्पर्धा भरतात. तरुण स्वतः खपून मैदान तयार करतात, देणगीदार पुढे येतात, चषक सजतात. आणि पुष्कळदा उपांत्य सामन्यात एका स्पर्शावरून वाद पेटतो. चढाई करणारा म्हणतो, हात लागला. बचाव करणारा म्हणतो, लागला नाही. पाठीराखे मैदानात उतरतात, पंचाच्या अंगावर धावून जातात. दुसऱ्या दिवशी तो तंटा खेळापुरता उरत नाही. तो दोन आळ्यांचा, दोन वाड्यांचा, क्वचित दोन जातींचा होऊन बसतो. समाज जोडण्यासाठी योजलेला उपक्रमच समाज तोडू लागतो. म्हणून स्पर्धेतील न्याय ही केवळ क्रीडाविषयक बाब नाही. तो संघटनेच्या शीलाचा प्रश्न आहे.

हुतूतू या नावाने ओळखला जाणारा हा खेळ पूर्वी प्रांतोप्रांती निरनिराळ्या रीतीने खेळला जाई. संजीवनी प्रकारात बाद गडी पुन्हा जिवंत होई, गामिनीत तो सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर राही, तर अमर प्रकारात बाद होऊनही मैदान सोडीत नसे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील क्रीडासंस्थांनी या रीतींना नियमांची चौकट दिली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक जगासमोर मांडले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले. मातीतल्या खेळाला ही प्रतिष्ठा मिळाली ती बळामुळे जितकी, तितकीच सर्वांनी मान्य केलेल्या नियमांमुळे.

परंतु नियम पुस्तकात असून भागत नाही. कबड्डीच्या सामन्याला एक सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि त्याचे सहायक असतात. तरीही धुळीत, झटापटीत, क्षणार्धात झालेला बोटाचा ओझरता स्पर्श प्रत्येक वेळी त्यांना दिसेलच असे नाही. तो निश्चित ठाऊक असतो फक्त ज्याला झाला त्याला. संघशाखेतील खेळाकडे या दृष्टीने पाहावे. तेथे चषक नसतो, छायाचित्रकार नसतो. शिक्षकाची पाठ वळलेली असतानाही ज्याला स्पर्श झाला तो स्वयंसेवक स्वतःहून बाजूला होतो. कोणी पाहिले नाही म्हणून खेळत राहणे त्याला कमीपणाचे वाटते. दहा-बारा वर्षांच्या वयात जडलेली ही सवय पुढे व्यवहारात, कचेरीत, सार्वजनिक पैशाच्या हिशेबात त्याला सावरते.

महाभारताने याची दुसरी बाजू दाखविली आहे. युद्धारंभी दोन्ही पक्षांनी नियम ठरविले होते: रथीने रथ्याशी लढावे, शस्त्र टाकलेल्यावर प्रहार करू नये. तो करार पाळवून घेणारा मात्र कोणी नव्हता. एकट्या अभिमन्यूला अनेक महारथींनी घेरले आणि त्यानंतर एका उल्लंघनाने दुसऱ्याला जन्म दिला. अखेर भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा हाणली, तेव्हा दोघांचाही गुरू असलेला बलराम नांगर उगारून उठला. नियमभंगाचा पहिला प्रसंग दुर्लक्षिला की पुढचा प्रत्येक जण आधीच्याकडे बोट दाखवितो, हा त्याचा बोध.

म्हणून संस्काराला व्यवस्थेची जोड हवी. नियमाविषयीची संदिग्धता किती महाग पडते, हे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दिसले. भारत आणि इराण यांच्यातील अंतिम सामना २८-२८ असा बरोबरीत असताना भारतीय चढाईपटू कोणालाही स्पर्श न करता राखीव पट्ट्यात गेला, बचाव करणारेही त्याच्यामागे गेले. बाद कोण ठरावे, जुना नियम लागू की नवा, यावरून खेळ बराच वेळ थांबला. भारताने ३३-२९ असे सुवर्ण जिंकले, पण जगातील उत्तम पंच जेथे अडखळले, तेथे गावच्या पंचाची काय कथा!

यावर उपाय साधा आहे. कोणता नियम लागू, हे पहिल्या सामन्यापूर्वी सर्व कर्णधारांना एकत्र बसवून वाचून दाखवावे. वजनगट असेल तर काटा सर्वांसमक्ष ठेवावा आणि वयाचा दाखला आधीच तपासावा. नखे कापलेली आहेत, अंगाला तेल लावलेले नाही, हे नियमात आहेच; ते प्रत्यक्ष पाहावे. पंच ज्या मंडळाचा, त्या मंडळाच्या सामन्याला त्याला नेमू नये. हरकत केवळ कर्णधाराने, शांतपणे घ्यावी. प्रेक्षकांसाठी दोर बांधावा आणि त्याजवळ ज्येष्ठ कार्यकर्ते उभे करावेत. पंचाचे मानधन सामने सुरू होण्यापूर्वीच द्यावे. निकालानंतर त्याला हात पसरावा लागू नये. आणि जो स्वतःहून हात वर करून बाद झाल्याचे मान्य करतो, त्याचा सन्मान उत्कृष्ट चढाईपटूइतकाच व्हावा.

सर्वांत कठीण परीक्षा मात्र आयोजकांची असते. पाहुण्या संघाला नियम लावणे सोपे. यजमान मंडळाचाच नामांकित खेळाडू वजनात एक किलो जास्त भरला, किंवा त्याने पंचाला अपशब्द वापरला, तर काय? गाव त्याला पाहायला आलेले असते, देणगीदाराची इच्छा त्याने खेळावे अशी असते. त्या क्षणी त्याला बाहेर बसविणाऱ्या कार्यकर्त्यावर रोष ओढवतो. कदाचित ती स्पर्धा यजमान संघ हरतो. परंतु पुढील वर्षी पंचक्रोशीतील प्रत्येक संघ विश्वासाने त्या मैदानावर येतो, कारण तेथे आपपरभाव नाही हे सर्वांना कळलेले असते.

चषक कपाटात काळवंडतो. कोणी पाहिले नसताना ज्याने हात वर केला, त्या तरुणाचे नाव मात्र गाव विसरत नाही. असे तरुण घडविणे हेच स्पर्धा भरविण्याचे खरे प्रयोजन होय.