टॅक्स कोण भरतो?



गेल्या वर्षीं आमच्या गांवच्या ग्रामसभेंत एका मजूर बाईनें उठून विचारलें, बोअरिंगच्या दुरुस्तीचे पैसे आले होते, त्यांचें काय झालें? पुढच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही कधीं टॅक्स भरला काय? सरकार फुकट देतें तें मुकाट्यानें घ्या!" लोक हंसले. बाई खालीं बसली. गृहस्थांनीं बिडी शिलगावली. आम्ही मास्तर, शिकलेले म्हणविणारे, आम्हीही गप्पच राहिलों. त्याचें प्रायश्चित्त म्हणून आज चार शब्द बोलतों.

त्या बिडीपासूनच आरंभ करूं. १ जुलै २०१७ रोजीं जी. एस. टी. आला तेव्हां बिडीवर शेंकडा २८ कर बसला. १ फेब्रुवारी २०२६ पासून तो १८ झाला. जें तेंदूपान त्या बाईनें उन्हांत तोडून फळीवर नेलें, त्यावरही कर आहेच. अंगाच्या साबणावर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत शेंकडा १८ होता, मग ५ झाला. मोबाईलच्या रिचार्जवर १८. मीठ व सुटे तांदूळ यांवर हा कर नाहीं, हें खरें. पण नुसत्या मीठभातावर कोणाचा संसार चालतो? कर किंमतींतच मिसळलेला असतो, म्हणून देणाऱ्यास दिसत नाहीं इतकेंच.

आतां मोठी तिजोरी पाहूं. केंद्र सरकारच्या सन २०२५-२६ च्या अंदाजपत्रकांत, येणाऱ्या दर रुपयांत प्राप्तिकराचे २२ पैसे धरले होते. लोक यालाच तेवढा टॅक्स समजतात. परंतु जी. एस. टी. व किरकोळ करांचे १८, अबकारीचे ५ आणि आयात जकातीचे ४, मिळून २७ पैसे मालावरच्या करांतून धरले होते. श्रीमंताची खरेदी मोठी, म्हणून त्यांत त्याचा वांटाही मोठा, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या बाईचा वांटा शून्य नाहीं. आमचा पगारही त्याच पैशांतून निघतो. सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो आणि त्यावर वरचे वर्ग शिकतात, हें जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालींच हंटर आयोगापुढें मांडलें होतें.

दुसरा घोटाळा 'बोनस' या शब्दाचा. तेंदूच्या पैशाला आपले लोक अजून बोनस म्हणतात, जणूं सरकारनें दिवाळी घातली! १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेस दिली. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ सालीं तें स्वतःचा बांबू विकूं लागलें. ग्रामसभा आपला तेंदू विकते तेव्हां हातीं येते ती मालाची किंमत. तिला दान कोण म्हणेल?

उलट एक गोष्ट आपल्याही पदरांत घालतों. 'अमुक कोटी मंजूर' असें वाचून लगेच सरपंचाची गचांडी धरूं नका. अंदाजपत्रक हा अंदाज. मंजूर किती, हातीं आले किती, खर्चिले किती, हे तिन्ही आंकडे वेगळे. तिन्ही मागा, आणि कागदावर मागा.

येत्या ग्रामसभेंत ती बाई बोअरिंगचा प्रश्न पुन्हा विचारणार आहे. अर्ज आम्हीं लिहून दिला, सही तिची आहे. या खेपेस आम्ही खुर्चीवर नव्हे, तिच्या शेजारीं सतरंजीवर बसणार आहों.