सालामांकेतील एक सत्र

स्पेनची राजधानी माद्रिद. तिच्या वायव्येस सुमारे दोनशे किलोमीटरांवर, तोर्मेस नदीच्या काठी सालामांका हे शहर वसलेले आहे. त्याच्या जुन्या इमारती जवळच्याच विल्यामायोर येथील सोनेरी छटेच्या दगडात बांधलेल्या असून, मावळतीच्या उन्हात सारे शहर हळद लावल्यासारखे दिसते. येथील विद्यापीठ लिओनचा राजा नववा आल्फोन्सो याने १२१८ मध्ये स्थापन केले. आजही दर सप्टेंबरात देशोदेशींचे विद्यार्थी एका सत्रापुरते येथे येऊन दाखल होतात.

आपल्या महाविद्यालयाचे विद्यार्थी राहूनच परदेशी जाऊन शिकावयाचे, ही पद्धत तशी अर्वाचीन. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाने १९२३ मध्ये आठ विद्यार्थी फ्रान्सला पाठविले, तेव्हा तिला संघटित रूप आले. युरोपातील देशांनी १९८७ मध्ये इरॅस्मस ही योजना सुरू करून तिचा मार्ग प्रशस्त केला. पूर्ण सत्राचे तीस श्रेयांक मानण्यात येतात आणि ते घरच्या विद्यापीठात जमा होतात. हा झाला कागदोपत्री व्यवहार. परंतु त्या चार-पाच महिन्यांत विद्यार्थ्याच्या मनाची जी उलथापालथ होते, तिचा श्रेयांक कोठेच मांडला जात नाही.

तिचा आरंभ होतो भुकेपासून. पुष्कळ विद्यार्थी एखाद्या कुटुंबात खोली घेऊन राहतात. तेथे दुपारचे जेवण दोन-अडीचला आणि रात्रीचे नऊनंतर. पाहुण्याच्या पोटात बारा वाजताच कावळे ओरडू लागतात. याला काही अंशी घड्याळही कारण आहे. स्पेन ग्रीनिचच्या रेषेवर व बहुतांशी तिच्या पश्चिमेस असूनही १९४० मध्ये तेथील घड्याळे एक तास पुढे केली गेली, ती मागे आलीच नाहीत. त्यामुळे घड्याळातील बारा म्हणजे डोक्यावरचा सूर्य नव्हे. जूनमध्ये तर सालामांकेत रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो.

जेवण संपले तरी कोणी उठत नाही. मेजाभोवतीच्या या गप्पांना स्पॅनिशमध्ये ‘सोब्रेमेसा’ असे स्वतंत्र नाव आहे. हात वाळून गेले तरी पानावरून न उठणाऱ्या मराठी घरांना ही गोष्ट समजावून सांगावयास नको. मात्र नवख्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा येथेच होते. आपल्या महाविद्यालयात वादविवादाची बक्षिसे मिळविणारा तरुण या मेजावर मुका होऊन बसतो. त्याचे वाक्य मनात जुळून येईतो विषय बदललेला असतो. विनोदाला तो हसतो, पण इतरांचे हसून झाल्यावर. प्रश्न न कळताच ‘सी’, म्हणजे ‘होय’, म्हणून मोकळा होतो. आपली बुद्धी आपल्या भाषेत राहते, तिच्याबाहेर आपण चार वर्षांचे मूल आहोत, हा साक्षात्कार फार बोचरा असतो.

येथे दोन वाटा फुटतात. एक सोपी आहे. इंग्रजी बोलणाऱ्या सोबत्यांचे टोळके गाठावे, संध्याकाळी त्यांच्यातच रमावे, शनिवार-रविवारी गावे पाहावीत. असे सत्र मजेत जाते, श्रेयांकही पदरात पडतात. फक्त स्पेन तेवढा बाहेरच राहतो. दुसरी वाट चुका करीत बोलण्याची. ‘मला कंटाळा आला आहे’ असे सांगावयाचे असते. पण ‘एस्तोय’च्या जागी ‘सोय’ पडले की ‘मी कंटाळवाणा माणूस आहे’ असा अर्थ होतो. कारण स्पॅनिशला ‘असणे’ या अर्थी दोन क्रियापदे आहेत: एक स्वभावासाठी, दुसरे अवस्थेसाठी. मेजावर हशा पिकतो. मात्र तो भेद पुन्हा आयुष्यात विसरत नाही.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत या वाटेवर एक चमत्कारिक गोष्ट घडते. तो स्पॅनिश शिकतो ती बहुधा इंग्रजीतून, आणि अडतोही तेथेच. ‘मे गुस्ता’ हा प्रयोग इंग्रजीतून समजून घेताना घाम फुटतो. कारण त्यात आवडणारी वस्तू कर्ता असते आणि आवड ज्याची तो चतुर्थीत जातो. परंतु हे तर आपले ‘मला आवडते’! मला आंबा आवडतो, आंबे आवडतात. तसेच तेथेही क्रियापद वस्तूच्या वचनाप्रमाणे बदलते. क्रियापदानेच पुरुष कळत असल्यामुळे ‘मी’ म्हणावयाची गरज नसते. तेथील त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. आकड्यांत ‘सिएते’ आणि ‘नुएवे’ हे सप्त आणि नव यांचे दूरचे आप्त. पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणलेल्या बटाट्याचा सख्खा भाऊ ‘पताता’ तेथे स्वयंपाकघरात भेटतो. मधला इंग्रजी दुभाषा दूर सारताच परकी भाषा अर्धी ओळखीची निघते. आपल्या व्याकरणाकडे पूर्वी कधीही न पाहिलेला विद्यार्थी सालामांकेत बसून मराठीच्या विभक्तींचा विचार करू लागतो.

या विद्यापीठात स्वभाषेची गोष्ट जुनी आहे. येथेच शिकलेल्या व शिकविलेल्या आंतोनिओ दे नेब्रिहा यांनी १४९२ मध्ये कास्तिलियन, म्हणजे आजच्या स्पॅनिश, भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. येथील प्राध्यापक फ्राय लुईस दे लिओन यांना १५७२ मध्ये धर्मन्यायासनाने कैदेत टाकले. त्यांच्यावरील आरोपांत बायबलमधील गीतरत्नाचे लोकभाषेत भाषांतर केल्याचाही आरोप होता. सुमारे पावणेपाच वर्षांनी ते सुटले. वर्गात परतल्यावर जणू कालचाच पाठ पुढे चालवावा तशी त्यांनी सुरुवात केली, अशी आख्यायिका आहे. ओबडधोबड लाकडी बाकांची ती खोली आजही त्यांच्या नावाने जतन केलेली आहे. त्याच सुमारास, १५७३ मध्ये, एकनाथांनी काशीस भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका पूर्ण केली. लोकभाषेत ग्रंथ लिहिल्याबद्दल त्यांनाही पंडितांचा रोष पत्करावा लागल्याची कथा आहे. ते बाक पाहताना मराठी विद्यार्थ्याला पैठण आठवले, तर त्यात नवल नाही.

जानेवारीत परीक्षा होतात. गुण दहापैकी, उत्तीर्णतेस पाच. गुणपत्रकावर विषयांची नावे येतात. डिसेंबरातील एका दुपारी मेजावर वेळेवर सुचलेला पहिला विनोद आणि त्यावर सर्वांबरोबर हसलेले आपले हसू त्यात येत नाही.

आणखीही एक गोष्ट येत नाही. स्पॅनिशमध्ये आदराने ‘उस्तेद’ म्हणतात. ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचे ते झिजलेले रूप. जवळच्या माणसाला मात्र ‘तू’ म्हणतात, आणि तो शब्द उच्चारात व अर्थात आपलाच आहे. घरच्या वृद्ध बाईंना विद्यार्थी पहिल्या दिवसापासून उस्तेद म्हणत आलेला असतो. एखादे दिवशी भांडी आवरता आवरता त्या म्हणतात, आता पुरे झाले, मला तू म्हण. इतर देशांच्या विद्यार्थ्यांना हा व्याकरणातील एक बदल वाटेल. मराठी विद्यार्थ्याला मात्र, आपण तू कोणाला म्हणतो, हे कोणी सांगावे लागत नाही. आईला म्हणतो, आजीला म्हणतो.