संथा आपली आपणच घ्यावी



या त्र्यंबकनगरीला वेदपाठशाळेची परंपरा आहे. गुरुजी संथा देतात, शिष्याकडून म्हणवून घेतात. चुकलेला स्वर तिथल्या तिथे सुधारला जातो. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ आले, २०१७ साली केंद्र शासनाचे 'स्वयं' संकेतस्थळ आले. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने आता या गावातही विनामूल्य ऐकता येतात. मात्र म्हणवून घेणारे गुरुजी समोर नसतात. ते काम विद्यार्थ्यानेच करायचे आहे. रोजची वेळ ठरवावी, व्याख्यान थांबवून उदाहरण स्वतः सोडवावे, शिकलेले घरात कोणाला तरी समजावून सांगावे. जिथे अडखळू, तिथे पुन्हा संथा घ्यावी. मुक्त शिक्षणाने प्रवेशाच्या अटी सैल केल्या, अभ्यासाच्या नव्हेत.