थोडके बोलणे, अचूक ऐकणे : भ्रमणध्वनीच्या नियंत्रण-वाहिनीविषयी



स्मृतिव्याख्यानासाठी एखाद्या यंत्रातील बारीकशा व्यवहाराचा विषय निवडावा, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु हा व्यवहार आपल्या प्रत्येकाच्या खिशात अहोरात्र चालू आहे, आणि त्याच्या मुळाशी असलेले गणित शाळेच्या फळ्यावर मांडता येईल इतके सोपे आहे. शिवाय त्या गणिताशी आपल्या मध्य प्रदेशात जन्मलेल्या दोन माणसांचा निकट संबंध आहे. म्हणून हे धाडस करतो.

आरंभ एका नेहमीच्या तक्रारीने करू. खंडव्याच्या वाटेवर असीरगडाच्या परिसरात, किंवा इच्छापूर ओलांडून मुक्ताईनगरकडे जाताना, फोनच्या कोपऱ्यात पट्ट्या तर भरलेल्या दिसतात; पण फोन लागत नाही. गावात यात्रेची गर्दी असली की हाच अनुभव भर वस्तीत येतो. एरवी हा केवळ त्रास असतो. पण घरात कुणी अत्यवस्थ असताना १०८ क्रमांक लावणाऱ्या माणसाला भरलेल्या पट्ट्या काय कामाच्या? हे का घडते, याचे उत्तर नियंत्रण-वाहिनीत आहे.

टॉवर आणि फोन यांच्यात दोन प्रकारचे बोलणे चालते. एक आपले : आवाज, चित्रे, मजकूर. दुसरे त्यांचे स्वतःचे. ‘तुझ्यासाठी कुणाचा फोन आला आहे’, ‘तुझा मजकूर अमुक पट्ट्यात ठेवला आहे, तो घे’, ‘आता तू अमुक जागी बोल’, असे हुकूम टॉवर सोडतो. या हुकमांची वाट म्हणजे नियंत्रण-वाहिनी. फोर-जीच्या व्यवस्थेत दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, असा हुकूम येऊ शकतो. मिलिसेकंदाचे सामान्यतः चौदा भाग पाडलेले असतात. त्यांपैकी पहिले एक, दोन किंवा तीन भाग हुकमांचे आणि उरलेले मजकुराचे. एक हुकूम जेमतेम काही दहा बिटांचा, म्हणजे शून्य आणि एक या दोन अंकांच्या छोट्या रांगेचा असतो.

आता अडचण पाहा. मजकूर बिघडला तर फोन ‘पुन्हा पाठव’ म्हणू शकतो, आणि दुसऱ्या खेपेला पहिल्या बिघडलेल्या प्रतीचाही उपयोग करून घेतो. हुकमाच्या बाबतीत ही सोय नाही. जो हुकूम आपल्याला ऐकूच आला नाही, तो पुन्हा पाठव असे कोण कोणाला सांगणार? म्हणून थोडके बोलायचे, पण ते गोंगाटातूनही पोचेल असे बांधून बोलायचे, ही येथील रीत आहे.

या बांधणीचा सर्वांत छोटा आणि मला सर्वांत आवडणारा नमुना सांगतो. हुकमांचे भाग एक, दोन की तीन, हे फोनला सर्वांआधी कळले पाहिजे. ते चुकले तर त्या मिलिसेकंदातले पुढचे सारेच चुकले. सांगायचे तीनच पर्याय. त्यासाठी टॉवर बत्तीस बिटे खर्च करतो! पहिल्या पर्यायासाठी ‘०११’ ही तिकडी पुन्हा पुन्हा लिहायची, दुसऱ्यासाठी ‘१०१’, तिसऱ्यासाठी ‘११०’, आणि बत्तीस अंक झाले की थांबायचे. कोणत्याही दोन तिकड्या ताडून पाहा, तीनपैकी दोन जागी त्या वेगळ्या आहेत. बत्तीस अंकांच्या रांगेत हा फरक निदान २१ जागांचा पडतो. अर्थात बत्तीसपैकी दहा अंक गोंगाटाने उलटे झाले, तरीही मिळालेली रांग मूळ रांगेच्याच अधिक जवळ राहते आणि फोन बरोबर उत्तर काढतो.

विद्यार्थ्यांनी येथे एक प्रश्न विचारावा. २१ ऐवजी २२ चा फरक साधता आला नसता काय? नसता, आणि त्याची सिद्धता दोन ओळींची आहे. तीन रांगा एकाखाली एक लिहा. कोणत्याही एका स्तंभात तीन अंक येतील. ते शून्य किंवा एक एवढेच असल्याने त्यांपैकी दोन तरी सारखे असणारच. म्हणून तीन जोड्यांपैकी जास्तीत जास्त दोन जोड्या त्या स्तंभात वेगळ्या पडतात. बत्तीस स्तंभांत मिळून फरक जास्तीत जास्त चौसष्ट. ते तीन जोड्यांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला एकवीस आणि एक तृतीयांश. तेव्हा सर्वांत जवळच्या जोडीचा फरक २१ पेक्षा मोठा असूच शकत नाही. माणसाच्या बुद्धीला या बाबतीत जेवढे शक्य होते, तेवढे या बत्तीस अंकांत साधलेले आहे.

अशा मर्यादेला प्लॉटकिनची मर्यादा म्हणतात. ती नेमकी गाठणाऱ्या रांगा कशा रचाव्यात, याविषयी १९५९ साली ‘इन्फर्मेशन अँड कंट्रोल’ या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध झाले. त्यात अशा रांगांचा संबंध हादामार या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकटींशी जोडला होता. लेखक दोन : राजचंद्र बोस आणि शरदचंद्र शंकर श्रीखंडे. बोस यांचा जन्म १९०१ चा, होशंगाबादचा. आपली गाडी इटारसीवरून भोपाळकडे वळली की नर्मदेच्या काठी लागते ते गाव, आजचे नर्मदापुरम. श्रीखंडे यांचा जन्म १९१७ चा, सागरचा; मराठी माणूस, शिक्षण नागपूरला, आणि अमेरिकेत बोस यांच्याच मार्गदर्शनाखाली १९५० साली डॉक्टरेट. त्याच १९५९ साली या दोघांनी अर्नेस्ट पार्कर यांच्यासह ऑयलरचे १७८२ पासूनचे एक अनुमान खोटे ठरवले आणि त्यामुळे ते जगभर गाजले. त्या गाजावाजात हे छोटे टिपण मागे राहिले, हे मला अन्यायाचे वाटते. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० साली, वयाची शंभरी ओलांडून, निवर्तले. फोर-जीची रचना करणाऱ्यांनी ते टिपण समोर ठेवले होते, असा माझा दावा नाही. परंतु ज्या प्रदेशात ती वीट पडली आहे, तो प्रदेश प्रथम मोजणाऱ्यांत हे दोघे होते.

आता प्रत्यक्ष हुकमाकडे वळू. तो वाचण्यात आणखी एक चमत्कारिक अडचण आहे. टॉवरच्या छायेत शेकडो फोन असतात, आणि कोणाचा हुकूम कोठे ठेवला आहे याची अनुक्रमणिका दिलेली नसते. ती द्यायची तर तिच्यासाठीच वेगळी नियंत्रण-वाहिनी लागेल. म्हणून फोन ठरलेल्या काही जागा एकेक करून उलगडून पाहतो. फोर-जीच्या पहिल्या आवृत्तीत अशा प्रयत्नांची संख्या दर मिलिसेकंदाला ४४ पर्यंत जाते. बहुतेक जागी त्याच्यासाठी काहीच नसते. दुसऱ्याचा हुकूम असतो, नाहीतर नुसता गोंगाट. मग हाती आलेले अंक आपलेच आणि बरोबर आहेत, हे ओळखायचे कसे?

याचे उत्तर समजावून घ्यायला आपल्याच गावच्या जामा मशिदीत चला. फारुकी घराण्यातील आदिलशहाने ती बांधवली. तेथे अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्या लेखातील काळ कसा दिला आहे पाहा : विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुक्ल पक्ष, सोमवार, शिवाय तिथी आणि नक्षत्र. एक वर्ष सांगायला इतके कशाला? आता ताळा करू. संवत आणि शक यांत १३५ चे अंतर हवे, आणि १६४६ मधून १५११ वजा केले तर १३५ च उरतात. पुढे शकात बारा मिळवून साठाने भागावे. बाकी राहील तो संवत्सराचा क्रम. १५२३ ला साठाने भागले तर बाकी २३ राहते, आणि प्रभवापासून तेविसावे नाव विरोधी हेच आहे. उद्या दगडाचा टवका उडून शकातला एखादा अंक वाचेनासा झाला, किंवा कुणी वाचण्यात चूक केली, तर ती चूक आपोआप उघडी पडेल.

फोनमध्ये नेमके हेच केले जाते. टॉवर हुकमाच्या अंकांना एका ठरलेल्या भाजकाने भागतो आणि राहिलेली सोळा बिटांची बाकी हुकमाच्या शेवटी जोडतो. भागाकार बहुपदींचा असतो एवढाच फरक. शिवाय ज्या फोनसाठी हुकूम आहे त्याला टॉवरने तात्पुरता दिलेला सोळा बिटांचा क्रमांक त्या बाकीत मिसळून टाकतात. फोन आपला क्रमांक त्यातून काढून ताळा पाहतो. ताळा जुळला तर हुकूम आपला. नाही जुळला तर बिघडलेला किंवा परका, सोडून द्यायचा. पाकिटावर पत्ता न लिहिता पत्र योग्य हाती पोचवण्याची ही युक्ती आहे.

येथे एक हिशेब केला पाहिजे, कारण माझ्या मते या विषयाचे मर्म त्यात आहे. सोळा बिटांचा ताळा निव्वळ गोंगाटावरही ६५,५३६ वेळांत सरासरी एकदा योगायोगाने जुळतो. ही संख्या मोठी वाटते. परंतु जो फोन प्रत्येक मिलिसेकंदाला ४४ प्रयत्न करतो, तो सेकंदाला ४४,००० प्रयत्न करतो. त्या प्रत्येक प्रयत्नात गोंगाटच हाती आला, तर साधारण दीड सेकंदाला एकदा एक खोटा हुकूम खरा म्हणून समोर उभा राहील!

खोट्या हुकमाचे परिणाम न ऐकलेल्या हुकमापेक्षा वाईट असतात. ‘मजकूर घे’ हा हुकूम निसटला, तर फोनकडून पोच आली नाही हे टॉवरला कळते आणि तो पुन्हा पाठवतो; थोडा उशीर होतो एवढेच. पण ‘अमुक जागी बोल’ असा खोटा हुकूम मानला, तर फोन दुसऱ्याला दिलेल्या जागेत बोलू लागतो आणि त्या बिचाऱ्याचे बोलणे बुडवतो. माझ्या फोनच्या भ्रमाची किंमत शेजाऱ्याला पडते. म्हणून चांगला फोन ताळ्यावरच विसंबत नाही. हुकमातील रकाने एकमेकांशी सुसंगत आहेत काय, उलगडताना किती अंक दुरुस्त करावे लागले, त्या जागी शक्ती तरी पुरेशी होती काय, हे तो पाहतो आणि शंका आली तर हुकूम टाकून देतो. फार संशय घेतला तर खरे हुकूम निसटतात, फार विश्वास टाकला तर खोटे शिरतात. ही रेघ नेमकी कोठे ओढावी, हे प्रत्येक निर्माता आपल्यापुरते ठरवतो. सारखीच शक्ती पोचत असताना एक फोन टिकतो आणि दुसरा तुटतो, त्याचे एक कारण हे आहे.

फाईव्ह-जीत हा ताळा २४ बिटांचा केला गेला. त्यातील सुमारे तीन बिटांचे बळ उलगडण्याच्या नव्या पद्धतीतच खर्ची पडते. उरलेल्या २१ बिटांच्या हिशेबाने तेवढ्याच प्रयत्नांत दीड सेकंदाचे पाऊण मिनिटाच्या वर जाते. ही नवी पद्धत म्हणजे तुर्कस्तानातील एर्दाल आरिकान यांचे ध्रुवीय संकेतन. त्यांचा मूळ प्रबंध २००९ चा, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये ते फाईव्ह-जीच्या नियंत्रण-वाहिनीसाठी स्वीकारले गेले. सात वर्षांत कागदावरून खिशाकडे, हा वेग या क्षेत्रातही दुर्मीळ होय.

आता त्या पट्ट्यांकडे येऊ. पट्ट्या दाखवतात ती टॉवर सतत पाठवीत असलेल्या ठराविक खुणेची शक्ती. हुकूम वाचता येतो की नाही, हे त्यांवरून कळत नाही. असीरगडासारख्या उंचीवर दूरदूरच्या अनेक टॉवरांचा आवाज जवळजवळ सारख्याच जोराने येऊ शकतो. शक्ती भरपूर, पण एकाचे बोलणे दुसऱ्यात मिसळलेले. यात्रेच्या गर्दीत अडचण वेगळी. दूरच्या किंवा आडोशाच्या फोनसाठी टॉवर एकाच हुकमाला एकपट, दोनपट, चौपट, आठपट जागा देऊन तो अधिक पसरून लिहितो. जागा मात्र पहिल्या तीन भागांचीच. दहा जणांना आठपट दिली की इतरांच्या हुकमांना ठावच उरत नाही, आणि भरल्या पट्ट्यांनिशी फोन ताटकळत राहतो.

स्वतः फोन मात्र पट्ट्यांवर भरवसा ठेवीत नाही, ही गंमत आहे. हुकूम वाचताना शंभरात दहा चुका होतील असे त्याच्या अंदाजाला दिसले, की तो ‘जुळणी सुटत आहे’ अशी नोंद करतो. दोनपेक्षा कमी होतील असे दिसले तरच ‘जुळली’ म्हणतो. दहा आणि दोन यांमधली जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली, म्हणजे क्षणाक्षणाला मत बदलायला नको. सुटल्याच्या नोंदी लागोपाठ होत राहिल्या आणि ठरलेला अवधी उलटला, की तो तो धागा सोडून दुसऱ्या टॉवरचा शोध घेतो. आपण ज्याला ‘फोन कट झाला’ म्हणतो, त्याच्यामागे पुष्कळदा हा निर्णय असतो. जो अंदाज फोनला आतून ठाऊक आहे, तोच पट्ट्यांच्या जागी माणसाला का दाखवू नये? रुग्णाजवळ बसलेल्या माणसाला ‘येथून लागणार नाही, चार पावले पुढे जा’ एवढे कळले तरी पुष्कळ झाले. कंपन्यांना भरलेल्या पट्ट्या दाखवणे अधिक सोयीचे वाटत असावे.

सातपुड्यातल्या पाड्यांसाठी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. फाईव्ह-जीची परीक्षा कोणत्या परिस्थितीत घ्यावी, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात ठरत असताना भारताने ग्रामीण कसोटीचा आग्रह धरला, आणि टॉवरांमध्ये सहा किलोमीटरचे अंतर असलेली कसोटी २०१७ साली मान्य झाली. शहरातल्या दाट टॉवरांवर जुळवलेली व्यवस्था खेड्यात आपोआप चालेल, हे गृहीत धरले गेले नाही. देशातील आय. आय. टी., बंगळूरची विज्ञान संस्था आणि मुंबईची ‘समीर’ यांनी मिळून उभारलेली फाईव्ह-जीची चाचणी-व्यवस्था मे २०२२ मध्ये खुली झाली. आपल्या शाळेतून गेलेल्या अभियंत्यांपैकी कुणी या कामात शिरणार असेल, तर त्याने अंतराच्या कसोटीबरोबर डोंगराच्या आडोशाची कसोटीही हातात घ्यावी. धूळकोट किंवा खकनारकडच्या वाटेवर एक फोन घेऊन निघावे, आणि पट्ट्यांच्या नोंदी न ठेवता, किती हुकूम वाचले गेले याच्या नोंदी ठेवाव्यात.

ज्या बत्तीस अंकांविषयी मी एवढा वेळ बोललो, त्यांचा तक्ता फोर-जीच्या जाहीर प्रमाणग्रंथात, ३६.२१२ या क्रमांकाच्या भागात छापलेला आहे, आणि तो कुणालाही विनामूल्य पाहता येतो. तक्त्यात चौथी ओळही आहे. ती सगळी शून्यांची असून राखून ठेवलेली आहे. ती धरूनही सर्वांत जवळच्या जोडीचा फरक २१ च राहतो. का, ते विद्यार्थ्यांनी करून पाहावे.