दुसऱ्यांचे कागद, आपला सर्व्हर

(धाराशिवमधील एका अभ्यासिकेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



सर्व्हरबद्दल बोल, असं मला सांगितलंय. म्हणून आधीच सांगते, मी इंजिनिअर नाही. बी.कॉम. झाले, एमएस-सीआयटी केलं, काही वर्षं टॅलीवर हिशेब लिहिले. सर्व्हर म्हणजे पुण्या-हैदराबादच्या कंपनीत एसीत ठेवायची वस्तू, अशी माझी समजूत होती. खरं तर कायम चालू राहणारा आणि मागेल त्या संगणकाला फाइल देणारा संगणक म्हणजे सर्व्हर. आपला सर्व्हर त्या लोखंडी कपाटावर आहे.

त्याची गरज का पडली? आपण इथे मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बोनाफाईड, गुणपत्रिका असं सगळं स्कॅन करून ठेवावं लागतं. ते सारं एका ताईच्या मोबाइलवरच्या खात्यात होतं. तिचं लग्न झालं, ती सोलापूरला गेली आणि खातंही तिच्याबरोबर गेलं. एकेका कागदासाठी तिला फोन करावा लागायचा. यात तिची चूक नव्हती. सगळ्यांचे कागद एकाच माणसाच्या हाती ठेवले, ही आपली चूक.

त्याच सुमारास ओळखीच्या एकांनी जुना डेस्कटॉप दिला. 4 जीबी रॅमचा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट थांबले, आणि विंडोज 11 त्या मशीनवर चढत नव्हतं. ते भंगारात जाणार होतं. लिनक्सने त्याला वाचवलं. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने 1991 मध्ये ते लिहायला घेतलं. तुमच्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तेच आहे. मी त्यातलं डेबियन निवडलं. ते जगभरातले स्वयंसेवक मिळून सांभाळतात आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पेनड्राइव्हवरून ते चढवलं. मशीन पुन्हा सुरू झालं तर समोर काळा पडदा आणि चमकणारी एक रेघ. माउस नाही, चित्रं नाहीत. वाटलं, बिघडलं. बिघडलं नव्हतं, माझ्या आज्ञेची वाट पाहत होतं.

पहिल्यांदा 'सुडो' वापरलं, म्हणजे मालकाच्या अधिकाराने आज्ञा दिली, तेव्हा पडद्यावर तीन सूचना आल्या. त्यांचा मतलब असा: दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा मान राखा, लिहिण्याआधी विचार करा, अधिकार मोठा तशी जबाबदारीही मोठी. मी वाचलं आणि पुढे गेले. तिथे थांबायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात मी फायरवॉल सुरू केली. घरून काम करता यावं म्हणून 'एसएसएच'चा दरवाजा लागतो. तो उघडा ठेवायला सांगण्याआधीच मी सगळे दरवाजे बंद केले आणि स्वतःच बाहेर राहिले. रात्री अभ्यासिकेची किल्ली मागून आणली, कीबोर्ड जोडला आणि दरवाजा उघडला. त्या रात्रीपासून एक वही केली. दिलेली आज्ञा, आलेली चूक, सापडलेला उपाय, सगळं तारीख टाकून लिहायचं. मला लिनक्स त्या वहीने शिकवलं.

मग परवानग्या शिकले. प्रत्येक फाइलला तीन प्रश्न विचारलेले असतात: मालक काय करू शकतो, गट काय करू शकतो, बाकीचे काय करू शकतात. आपल्याकडे अर्ज भरणाऱ्या तिघींचा एक गट आहे. त्यांना फाइल वाचता येते, बदलता येते. बाकीच्यांना फोल्डर उघडतच नाही. कुणाच्या बापाचं उत्पन्न किती, हे गल्लीला कळायचं कारण नाही.

आता जे सांगायला आले ते. एका रात्री मी बॅकअप घेत होते. 'आरसिंक' या आज्ञेत आधी कुठून ते लिहायचं, मग कुठे. जोडीला एक पर्याय असतो: मूळ जागी जे नाही ते दुसरीकडूनही पुसून टाक. मी दोन्ही जागा उलट्या लिहिल्या. मशीनने रिकामी डिस्क मूळ धरली आणि भरलेलं फोल्डर तिच्यासारखं रिकामं केलं. काही विचारलं नाही. 41 मुलांचे कागद गेले. अर्जाची मुदत नऊ दिवसांवर होती.

सकाळी सगळ्यांना खरं सांगितलं. आम्ही तिघी घरोघर फिरलो, पुन्हा स्कॅन केलं. 40 अर्ज गेले. एका मुलीचा मूळ दाखला सापडला नाही, नवा वेळेत निघाला नाही. तिची त्या वर्षीची शिष्यवृत्ती माझ्यामुळे गेली. ती इथे बसली आहे, तिला विचारूनच हे सांगते आहे.

माझं आजोळ सास्तूरचं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात घर पडलं, माणसं वाचली, पण कागदांची पेटी ढिगाऱ्याखाली गेली. नाना म्हणायचे, सातबाऱ्याची नोंद उमरग्याला तहसीलमध्ये होती म्हणून शेत आमचं आहे हे दाखवता आलं. ही गोष्ट लहानपणापासून ऐकत होते, पण दुसरी प्रत दुसऱ्या गावी असावी हा तिचा अर्थ त्या रात्रीनंतर कळला.

आता रोज रात्री 'क्रॉन' आपोआप दुसऱ्या डिस्कवर प्रत काढतं. तिसरी प्रत पासवर्डने कुलूपबंद केलेल्या डिस्कवर असते, ती दर रविवारी दुसऱ्या घरी जाते. कुठलीही पुसणारी आज्ञा आधी 'ड्राय रन'ने तपासायची, म्हणजे काय होणार ते दिसतं, प्रत्यक्षात होत नाही. महिन्याच्या एक तारखेला बॅकअपमधून एक फाइल परत काढून उघडून पाहायची. उघडून न पाहिलेला बॅकअप मी धरत नाही. लाईट गेली तर यूपीएस आहे. आणि मालकाचा अधिकार आता दोघींकडे आहे.

मराठीत आपण ठेवीला अनामत म्हणतो. तो शब्द अमानतवरूनच आला. सर्व्हरवरचं एकही अक्षर माझं नाही, ती दुसऱ्यांची अमानत आहे.

ती मुलगी दर महिन्याला मला विचारते, "ताई, या वेळची फाइल उघडून पाहिली का?" तिने विचारत राहावं.

ज्यांना शिकायचंय त्यांनी रविवारी चार वाजता यावं. इंग्रजी कच्चं असलं तरी चालेल. वही आणि पेन मात्र आणा.