राजाबाई टॉवर आणि आपली गच्ची
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



पनवेल लोकलने सीएसएमटी गाठून फोर्टात नोकरी केलेले आपल्यात बरेच आहेत. मीही त्यातलाच. राजाबाई टॉवर बघितला की पाय आपोआप झपाझप पडायचे.

१८७८ साली बांधून झाला तेव्हा हा २८० फुटी मनोरा मुंबईत सर्वांत उंच. पैसा कापसाच्या तेजीत कमावलेल्या प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. आईला दिसत नसे. जैन रीतीप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवता यावं म्हणून टोले, असं सांगतात. म्हणजे हे घड्याळ बघण्याइतकंच ऐकायचं! वर चढून शहर बघायलाही लोक जात. पुढे तिथून जीव देण्याचे प्रकार झाले आणि जिना बंद झाला. २०१५मध्ये डागडुजी पूर्ण झाली, २०१८मध्ये परिसर जागतिक वारसा ठरला. आता मोबाइलमध्ये वेळ बघणारी मुलं त्याच मोबाइलने टॉवरचा फोटो काढतात. कौतुक वाढलं, जिना काही सर्वांना खुला झाला नाही.

हे आठवलं ते गच्चीला कायमचं कुलूप लावण्याच्या ठरावामुळे. मुलं टाकीपाशी जातात, ही काळजी खरीच आहे. कठडा उंच करा, टाकीला जाळी बसवा, रात्री दहानंतर कुलूपही लावा. पण दिवसा किल्ली वॉचमनकडे राहू द्या. कुरडया काय पार्किंगमध्ये वाळवायच्या?

आणि हो, कोजागरीच्या दुधाची वर्गणी यंदा माझ्याकडे द्यायची आहे.