उष्टावण झालं, पुढे काय?

मंडळी, समोर आज्या बऱ्याच दिसताहेत, हे फार बरं झालं. बाळाला पहिला घास कधी द्यायचा हे आपल्याकडे डॉक्टर थोडाच ठरवतो? आणि आजीचं गणित फारसं चुकलेलंही नाही. मुलाचं उष्टावण सहाव्या-आठव्या महिन्यात, मुलीचं पाचव्या-सातव्यात. त्यातला सम-विषमाचा भाग सोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करा, असंच सांगते. तिथे भांडण नाही. भांडण आहे ते दुसऱ्या दिवसापासून.

मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या वाटीतली खीर चाटवली, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दूध आणि वरणाचं पाणी! वरणाच्या पाण्यात पाणीच असतं हो. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी आईच्या दुधासोबत मऊ किंवा घट्ट अन्न मिळणारी बाळं देशात शंभरात जेमतेम 46 निघाली.

ही झाली जुनी अडचण. नवी अडचण आपल्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये आहे. तिथली शिकलेली आई विचारते, "डॉक्टर, अंडं दोन वर्षांनंतर आणि शेंगदाणा तीन वर्षांनंतरच ना? ॲलर्जी होते म्हणे." हा सल्ला अमेरिकेतला. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2000 साली तो दिला होता, तोही घराण्यात ॲलर्जी असलेल्या बाळांपुरता. 2008मध्ये अकादमीनेच तो मागे घेतला. आपल्याकडे तो अजून व्हॉट्सॲपवर फिरतोय.

त्याच 2008मध्ये लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने एक तुलना छापली. ब्रिटनमधली ज्यू मुलं आणि इस्रायलमधली ज्यू मुलं. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी दहापट. इस्रायलमध्ये बाळं दात येण्याच्या वयात शेंगदाण्याचे कुरकुरे चघळतात, ब्रिटनमध्ये आया शेंगदाणा लपवून ठेवत. मग त्यांनी थेट प्रयोगच केला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 640 बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. 2015मध्ये निकाल आला: न खाणाऱ्यांत ॲलर्जी सुमारे 17 टक्के, खाणाऱ्यांत 3.

असं का होतं? लॅक यांचं म्हणणं असं की, अन्नाची ओळख शरीराला तोंडावाटे झाली तर ते त्याला घरचं मानतं. भेगाळलेल्या त्वचेतून झाली तर शत्रू समजतं. म्हणून इसब असलेल्या बाळाच्या अंगाला डाळीचं पीठ-साय चोळू नका. आजी रागावतील, पण रागावू देत.

आपल्याकडे अन्नाची ॲलर्जी मुळात कमी. कर्नाटकात सात ते दहा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, तिच्यात अन्नाची ॲलर्जी असावी अशी मुलं हजारात एक-दोनच निघाली. रक्ततपासणीत मात्र कितीतरी जास्त मुलं पॉझिटिव्ह! तेव्हा काही त्रास नसताना लॅबचं महागडं ॲलर्जी पॅकेज करून बाळाचं खाणं बंद करू नका.

आणि आपल्याच जिल्ह्याकडे बघा. सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांत अमृत आहार योजनेतून सातव्या महिन्यापासून अंडं मिळतं. अंडं न खाणाऱ्याला केळं. योजना कुपोषणासाठी आहे, ॲलर्जीसाठी नाही. पण वयाच्या बाबतीत अंगणवाडीताई गंगापूर रोडच्या पुढे आहे!

आता करायचं काय? सहा महिने झाले की नाचणीची लापशी, घट्ट वरण-भात कुस्करून. बाळ ते नीट गिळायला लागलं की शिजवलेलं अंडं, दही, आणि शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट पेजेत पातळ कालवून. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, श्वासनलिकेत अडकतो. एका वेळी एकच नवा पदार्थ, चमच्याच्या टोकावर. आणि सोसला की आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवायचा. इसब तीव्र असेल किंवा अंड्याने आधी त्रास झाला असेल, तर शेंगदाणा डॉक्टरांना विचारूनच.

नवा पदार्थ सकाळी द्या, दवाखाने उघडे असतात. अंगावर दोन-चार गांधी उठल्या तर तो पदार्थ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. पण ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास लागला किंवा उलट्या होऊन बाळ मलूल पडलं, तर आमसुलाचं पाणी चोळत बसायचं नाही. रिक्षा पकडा आणि जवळचं मोठं रुग्णालय गाठा. तिथे मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन देतात, आणि त्या वेळी तेच लागतं.